मामाची डबलूजी

परवा मामाच्या नातवाच्या लग्नाला कर्जतला गेले होते. लग्न गावाबाहेर, नदीकाठच्या एका रिसॉर्टवर. पूर्वी जिथे भाताची खाचरं होती तिथे आता कापलेली हिरवळ, तळं, तळ्यात प्लॅस्टिकची बदकं. गाडीतून उतरून मी बाबांना हाताला धरून आत नेत होते. फाटक ओलांडलं आणि बाबा थांबले. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

समोर हिरवळीच्या मधोमध कोळशाचं एक इंजिन उभं होतं. अंगाला बुटाच्या पॉलिशसारखा काळा चकचकीत रंग, चाकांना तांबडा, कडांना पांढऱ्या रेघा. धुराड्यापासून ड्रायव्हरच्या टपापर्यंत झेंडूच्या माळा. मुली त्याच्या पायरीवर उभ्या राहून फोटो काढत होत्या.

"डबलूजी हाय," बाबा म्हणाले.

बाबांनी ऐंशी कधीच ओलांडली. जन्मभर गॅसकटरच्या निळ्या ज्योतीकडे बघून त्यांचे डोळे गेल्यात जमा आहेत. समोर आलेला माणूस बोलल्याशिवाय त्यांना ओळखू येत नाही. पण ते हळूहळू चालत गेले आणि एका चाकावर तळहात ठेवून उभे राहिले. मी जवळ जाऊन वास घेतला. ताज्या रंगाचा वास येत होता, झेंडूचा येत होता, पलीकडच्या पंगतीतल्या मठ्ठ्याचा येत होता. जो यायला हवा होता तो मात्र नव्हता.

तो वास आमच्या घरात भिंतींना होता. आम्ही लौजीला राहायचो, खोपोलीच्या अलीकडे. मागच्या दारी वालाचं आणि भाताचं शेत, शेताच्या कडेने कर्जत-खोपोलीची एकेरी लाईन. घाटाकडे जाणाऱ्या मोठ्या लाईनीवर विजेची इंजिनं येऊन जमाना झाला होता, पण आमच्या फाट्यावर अजून कोळशाचं राज्य होतं. आईचा थोरला भाऊ, माझा मामा, त्या लाईनीवर ड्रायव्हर होता. खोपोलीच्या कारखान्यांना माल घेऊन यायचा आणि रिकामे डबे घेऊन परत जायचा.

लौजीच्या वळणावर तो शिट्टी द्यायचा. एक आखूड, मग एक लांब, आणि शेवटी आवाज हळूच खाली सोडून दिल्यासारखा. आई चुलीपाशी असो नाहीतर विहिरीवर, मान वर करायची. "दादा आला," म्हणायची आणि भाकरीचं पीठ ओढायची. खोपोलीत डबे लावून-काढून होईपर्यंत बराच वेळ जायचा. तेवढ्यात मी डबा घेऊन लौजीच्या स्टेशनावर जाऊन थांबायची. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी सुक्या बोंबलाची चटणी. तेलाच्या बोळ्याने इंजिनाचे दांडे पुसता पुसता मामा वरूनच हात खाली करायचा. हाताला काळं, नखांत काळं, डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखं काळं, आणि त्यात हसताना दिसणारे दात. डबा घेऊन तो आत टपाच्या बाजूला एका हुकाला अडकवायचा. तो हूक बाबांनी केलेला. सळीचा तुकडा वाकवून त्यांनी तो एके दिवशी तिथे वेल्डिंग करून दिला होता, कारण आदल्या दिवशी डबा हिसक्याने पडून सगळं बिरडं कोळशात गेलं होतं आणि मामा उपाशी राहिला होता.

"भावजी, सरकारी इंजिनाला भोक पाडलंत तुमी," मामा म्हणाला होता.

"भोक नाय पाडलं, दागिना घातलाय," बाबा म्हणाले होते.

जाताना मामा मला बादली भरून गरम पाणी द्यायचा. इंजिनाच्या पोटातल्या एका नळीतून ते फुसफुसत यायचं. त्या पाण्याला लोखंडाचा वास असायचा, पण थंडीच्या दिवसांत तसल्या पाण्याची आंघोळ म्हणजे चैन. आळीत कुणाचं लग्न निघालं की हळद उतरवायचं पाणी मामाकडूनच यायचं. लौजीच्या कितीतरी नवऱ्या मुली डबलूजीच्या पाण्याने न्हाऊन सासरी गेल्या.

डबलूजी हे तिचं नाव मामानेच आम्हाला सांगितलं. सुट्टी असली की तो आमच्या पडवीत पाय पसरून बसायचा आणि तिची कुळकथा सांगायचा.

"डबलू म्हंजे मोठी लाईन. जी म्हंजे गुड्स, मालगाडी. साहेब गेला तवा इंजिनं पार थकली होती. लढाईत राबवून राबवून खिळखिळी केलेली. देशाला माल तर ओढायचाय. मग ही आली. थोडी बोटीतून आली, नंतर बंगालात आपल्याच कारखान्यात एकामागनं एक व्हायला लागली. हिच्याइतकी भावंडं दुसऱ्या कुठल्या इंजिनाला नाय."

"आनि त्या मेलच्या इंजिनाला नाकावर चांदणी असते ती?" मी विचारायची. चांदणी मला आवडायची.

"ती डबलूपी. ती मेल घेऊन पळनार. लोक तिला बघाया उभे ऱ्हातात. हिचं तोंड सपाट. कोन बघत नाय. पन सिमीट, कोळसा, गहू, लोखंड, सगळं ओढलं कोनी? हिनं. वर आनि पाशींजर असली तरी जुंपा हिलाच."

"म्हंजे कामाची बाई," आई आतून म्हणायची. "नटाया येळ नाय."

मामा हसायचा आणि आई त्याला चहा आणून द्यायची. मामा इंजिनाला 'ती' म्हणायचा, म्हणून आईही 'ती'च म्हणायची. बाबांच्या तोंडी मात्र 'ते इंजिन' असायचं. बाबांना लोखंड हे लोखंड होतं.

मागच्या दारी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे. सगळ्या बाया कुरकुरत. आई कधी कुरकुरली नाही. शिट्टी ऐकली की ती दोरीवरचे कपडे ओढून घ्यायची आणि गाडी गेली की परत घालायची, जणू पाहुणा येऊन गेला. धूर शेतावर पसरायचा, वालाच्या फुलांवरून हळूहळू सरकत ओढ्यात उतरायचा. पावसाळ्यात तर तो वर जायचाच नाही. ओल्या कोळशाचा, जाड तेलाचा, वाफेचा वास घरातच मुक्कामाला असायचा. घोंगडीला, पापडाच्या डब्याला, माझ्या वह्यांना.

मी कॉलेजला जायला लागले त्या सुमाराला आमच्या फाट्यावरही डिझेल आलं. वळणावर भोंगा वाजायचा, आई मान वर करायची आणि परत खाली घालायची. मामाला कर्जतला कसलं तरी बसून करायचं काम दिलं. तो स्वच्छ दिसायला लागला. हात गोरे, नखं पांढरी. ओळखू येईना.

बाबा खोपोलीत एका रोलिंग मिलच्या भंगार यार्डात गॅसकटर होते. जुन्या बोटींचे पत्रे, ट्रकच्या चेसी, मोडके पूल, जे येईल ते कापायचं. कापलेले तुकडे भट्टीत तापायचे, मिलच्या फिरत्या रोलरांतून दाबले जायचे आणि पलीकडून घरं बांधायच्या सळ्या होऊन बाहेर पडायचे. मग लिलावातली इंजिनं यायला लागली. ज्या लाईनीवर ती धूर सोडत यायची त्याच लाईनीवर डिझेलच्या मागून मुकाट ओढत आणलेली. चाकांना जोडणारे लांब दांडे काढून मागे कोळशाच्या हौदात टाकलेले असायचे. एखाद्याचे हात काढून त्याच्याच पिशवीत द्यावेत तसं ते दिसायचं.

मामाला कुणीतरी सांगितलं. तो आला. पडवीत बसला नाही, अंगणातच उभा राहिला.

"भावजी, ऐकलं ते खरं हाय?"

"काय ते?"

"तुमी डबलूजी कापता."

बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "यार्डात जे येतं ते कापतो, दादा."

"दुसरं काय पन कापा. बोटी कापा, पूल कापा. माजं एवढं ऐका. त्या इंजिनांना हात लावू नका."

"मी नाय लावला तर दुसरा लावंल."

"मग लावू दे ना दुसऱ्याला. माज्या बहिनीच्या घरातला मानूस कशाला?"

"माज्या घरात चूल त्याच्यावर पेटते, दादा," बाबा शांतपणे म्हणाले.

मामाने आईकडे बघितलं. आई दारात उभी होती. ती कुणाच्या बाजूने बोलणार? मामा वळला आणि शेतातून लाईनीकडे निघून गेला. चहा तसाच राहिला.

त्यानंतर तो येईनासा झाला. भाऊबीजेला आई एकटीच कर्जतला जाऊन ओवाळून आली. आल्यावर पदराने चेहरा पुसत तांदूळ निवडायला बसली. बाबांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आमच्या घरात भांडण असं नव्हतंच. होती ती फक्त एक रिकामी जागा, पडवीत जिथे मामा पाय पसरून बसायचा तिथे.

आणि तरी तो वास परत आला होता. बाबांच्या शर्टाला यायचा. जुनं जळकं तेल, गंज, राख. बाबा आंघोळीला गेले की आई तो शर्ट धुवायला घ्यायची, पण लगेच पाण्यात टाकायची नाही. मांडीवर घेऊन बसायची. एकदा मी बघितलं, तिने तो नाकाशी धरला होता. मला बघून म्हणाली, "किती मळवतात गं," आणि साबण घासायला लागली.

थंडीच्या शेवटी एका संध्याकाळी बाबा आले आणि पाय न धुताच पडवीत बसले. आईने पाणी दिलं तर तांब्या तसाच हातात धरून राहिले.

"दादाचं इंजिन आलंय," म्हणाले.

आईने विचारलं, "कशावरनं?"

"आत चढलो. हूक हाय. माज्या हातचा."

मग आई म्हणाली, "त्याला सांगा."

सांगायला बाबांना काही दिवस लागले. तोवर ते यार्डातली बाकीची इंजिनं पुढे घेत राहिले, ते एक मागे ठेवत राहिले. मुकादम विचारायला लागला तेव्हा एके दिवशी मला म्हणाले, "चल, कर्जतला जाऊन येऊ." एकट्याने जायचं त्यांना जड वाटत असावं.

मामा क्वार्टरच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने बाबांना बघितलं आणि पेपरची घडी घातली. या म्हणाला नाही, का आलात असंही म्हणाला नाही.

"दादा, तुमची डबलूजी आलीय यार्डात," बाबा उभ्याउभ्याच म्हणाले. 'तुमची' म्हणाले, आणि 'आलीय' म्हणाले. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं.

मामाने पेपरची आणखी एक घडी घातली. "कापली?"

"नाय. बाकीची आधी घेतली. आता मुकादम पाठीस लागलाय."

"मग कापा की. तुमचं काम हाय."

"कापनारच हाय," बाबा म्हणाले. "पन तुमी बघितल्याबिगर नाय कापनार. म्हनून आलो."

आतून मामीने आम्हाला पाणी आणून दिलं. आम्ही प्यालो आणि निघालो. येताना गाडीत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. पळसदरी गेली, केळवली गेली. "येईल?" मी विचारलं. "माहीत नाय," बाबा म्हणाले.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आई अंगण झाडत होती. समोर बघून तिच्या हातातला झाडू थांबला. शेताच्या बांधावरून मामा येत होता. काखेत एक नवंकोरं मडकं.

"दादा, हे काय?"

"तुज्या शेतात वाल तयार झालाय ना?" मामा म्हणाला. "पोपटी लावू. डबलूजीत."

ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांना काय सांगू. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेताशेतात ती लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, परत पाला, तोंड गच्च बंद, आणि भोवती जाळ. मी आणि आई शेंगा तोडायला धावलो. बाबा बांधावरचा भांबुर्डा ओरबाडून आणायला गेले. घरात एकदम सणासारखी लगबग झाली आणि तिला सुतकाची कडही होती.

यार्डाचा वॉचमन बाबांच्या ओळखीचा. त्याने फाटक उघडलं आणि मडकं बघून बाजूला झाला.

ती एका कोपऱ्यात उभी होती. अंगावर गंज, काचा फुटलेल्या, हौदात घाणेरी उगवलेली. मामा समोर उभा राहिला आणि त्याने चप्पल काढली. मग वर चढला. आम्ही खालून बघत होतो. त्याने हुकाला हात लावला, टपातले दांडे ओढून बघितले, जिथे बसायचा तिथला पत्रा झटकला. पण बसला नाही.

"या वर," म्हणाला. "भावजी, आधी तुमी."

बाबांनी कितीतरी इंजिनं कापली होती, पण कापायला आलेल्या इंजिनावर चालवणाऱ्याने बोलावून ते पहिल्यांदाच चढत होते.

मामाने भट्टीचं दार उघडलं. आत खोलीएवढा अंधार. आम्ही पेंढा टाकला, गोवऱ्या टाकल्या, सुकी लाकडं टाकली. मामाने फावड्यावर मडकं ठेवलं आणि ते इतकं अलगद आत सरकवलं, जणू पाळण्यात मूल ठेवतोय. काडी आईने ओढली.

आधी धूर आमच्याच तोंडावर आला. सगळे खोकायला लागलो. मामाने खाली वाकून राखेच्या बाजूची झडप उघडली, गंजलेली, बाबांनी हातोडीचा ठोका दिल्यावर सुटली. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतली हवा वळली. जाळ पुढे ओढला गेला, नळ्यांतून कुठेतरी घरघर झाली, आणि बाहेरून वॉचमन ओरडला, "निघाला, निघाला!"

मी उडी मारून खाली आले. धुराड्यातून धूर निघत होता. कोळशाचा काळा नव्हे, पेंढ्याचा, पांढुरका, बारीक. पण तिच्यातून निघत होता. सरळ वर गेला आणि खोपोलीच्या डोंगराकडे कलला. यार्डाच्या भिंतीपलीकडे घरं होती. तिथली एक बाई धूर बघून अंगणात धावली आणि दोरीवरचे कपडे ओढून घ्यायला लागली. निम्मे काढल्यावर तिच्या लक्षात आलं, आता कोळशाची गाडी येतच नाही. कपडे पोटाशी धरून ती तशीच बघत उभी राहिली.

मडकं बाहेर काढलं तेव्हा भांबुर्ड्याचा तो कडवट-गोड वास सगळ्या यार्डात पसरला. गंजलेल्या लोखंडाच्या सावलीत कागदावर शेंगा ओतून आम्ही बसलो. वॉचमनलाही बोलावलं. बोटं भाजत, फुंकर घालत सोलत होतो. मामा खूप खात होता.

"कुठून लावता कटर?" त्याने मध्येच बाबांना विचारलं. एखाद्याला शेती कशी करता विचारावं तसं.

"धुराड्यापासून. वरनं खाली यायचं."

"बरं हाय."

"दादा, हूक काढून देऊ तुमाला? ठेवा घरी."

मामाने शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले. "नको. आता डबा कुठं घेऊन जातोय मी?" मग जरा वेळाने म्हणाला, "तुमीच कापा, भावजी. दुसऱ्या कुनाला देऊ नका."

बाबांनी मान हलवली.

त्या दिवशी मामा आमच्याकडे राहिला. आईने त्याला पडवीत अंथरूण घातलं. सकाळी तो आणि बाबा बरोबरच निघाले. लाईनीपाशी मामा कर्जतच्या बाजूला वळला, बाबा यार्डाच्या. आई ते दोघं दिसेनासे होईपर्यंत दारात उभी होती. पुढच्या भाऊबीजेला तो आला, पाय पसरून बसला आणि डिझेलच्या इंजिनाला नावं ठेवायला लागला.

आता आई नाही, मामा नाही. मिल बंद पडून तिथे इमारती झाल्या. लौजीच्या आमच्या शेतात कुणाचातरी बंगला आहे आणि बंगल्याला कुंपण. लोकल जाते, तिचा धूर नसतो, म्हणून कपडे दिवसभर वाळत राहतात.

"आत्या, आजोबा, चला ना, फोटो काढू," मागून आवाज आला. नवरदेव, मामाचा नातू ओंकार, मुंडावळ्या बांधूनच आला होता. बाबांच्या पाया पडला. "आबांची आठवण म्हणून मुद्दाम हेच रिसॉर्ट घेतलं. आबांचं इंजिन असलंच होतं ना?"

"असलंच," बाबा म्हणाले. "पन रंगवल्यापासनं हिला कोनी आतून गरम केलेलं नाय."

ओंकार हसला. "आबांचं कुठं असेल हो आता? लोक कुठून कुठून शोधून काढतात. आपणही शोधू शकलो असतो."

बाबांनी चाकावरचा हात काढला. "शोधायचं कशाला? केळवलीला हाय. तुज्या घरात."

मीही त्यांच्याकडे बघितलं. हे मला कधी त्यांनी सांगितलं नव्हतं.

"ती कापली त्याच सुमाराला तुजा आबा केळवलीचं घर बांधत होता," बाबा म्हणाले. "स्लॅबाच्या सळ्या आमच्या मिलमधनं मीच नेल्या. तिचे पत्रे भट्टीत गेले तवा मी रोलरांच्या पलीकडे उभा होतो. निघाल्या तशा बाजूला काढल्या आनि टेंपोत भरल्या."

ओंकार त्यांच्याजवळ खाली बसला. रेशमी धोतर हिरवळीवर पसरलं. "आबांना सांगितलं होतंत?"

"नाय. कसं सांगू? म्हटलं, कळलं तर ह्या घरात झोपनार नाय."

"मग त्यांना कळलंच नाही?"

मांडवातून गुरुजी नवरदेवाला हाक मारत होते.

"स्लॅब टाकायच्या दिवशी मी सकाळीच गेलो," बाबा म्हणाले. "गवंडी यायचे होते अजून. वर चढून बघतो तर दादा एकटाच बसलेला. हातात चिंध्यांचा बोळा, शेजारी तेलाची वाटी. एकेक सळी पुसत होता, बांधलेल्या जाळीत हात घालून. मला बघून सरकला, जागा केली, आनि दुसरा बोळा माज्या हातात दिला."

मांडवातून पुन्हा हाक आली, पण ओंकार उठला नाही.

"सिमीटात गाडायच्या सळ्या," बाबा म्हणाले, "कोन पुसतं का रं?"